झाकलेली ओल

आपल्या मूल परिसरात धानाची ओल कोणाला ठाऊक नाही? वरचा थर उन्हाने वाळलेला दिसतो. पण पोत्यात खोल हात घातल्याशिवाय आतले खरे कळत नाही. म्हणूनच सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आपल्याला चटकन उमगतो. धान्याच्या राशीजवळून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिच्यात हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले.

यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पाऊस त्या विक्रेत्याने पाडला नव्हता. ओल निसर्गाची होती. ती झाकणे मात्र त्याचे स्वतःचे कृत्य होते आणि जाब त्याचाच विचारला गेला.

आज अशी ओल मोटारीच्या स्टिअरिंगमध्येही दडून राहू शकते. अपघाताच्या क्षणी एअरबॅग फुगते ती धातूच्या लहान डबीतील रसायन पेटून निघालेल्या वायूमुळे. जपानच्या ताकाता कंपनीने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. वर्षानुवर्षे उष्ण व दमट हवा लागून ते बिघडे, प्रमाणाबाहेर जोराने पेटे, डबी फुटे आणि तिचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसत. प्राण वाचवणारी वस्तूच प्राण घेऊ लागली. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१४ मध्ये चौकशी सुरू केली. पुढे त्या एका देशात सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा सदोष ठरवून परत बोलावण्यात आल्या. मोटार कंपन्यांना चाचण्यांचे खोटे अहवाल दिल्याचा गुन्हा ताकाताने २०१७ मध्ये कबूल केला. दंड व भरपाई मिळून रक्कम १०० कोटी डॉलर ठरली. हवेतील ओलावा कोणी निर्माण केला नव्हता. कागदावरचा खोटेपणा मात्र माणसांनी केला होता.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. इस्लामी राजवटींत बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब असे, त्याच परंपरेशी जुळणारे हे काम आहे. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरमधील संभाव्य दोषासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत त्या चालवू नयेत, असे सुचवले. दोषाचा संशय येताच बोलणे, हीच ओल वर ठेवण्याची रीत होय.

कोणी म्हणेल, मृत्यूची घटका ठरलेली आहे. मग बनवणाऱ्याला दोष कशाला? मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, यावर आपली श्रद्धा आहेच. परंतु त्याच अल्लाहने सूरह अन्-निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून घडलेल्या हत्येसाठीही दियत व प्रायश्चित्त सांगितले आहे. तकदीर माणसाची जबाबदारी पुसत असती, तर नकळत मारणाऱ्यावर हे ओझे का आले असते? मग जाणूनबुजून दोष दडवणाऱ्याची गत काय होईल? तकदीरवरील विश्वास शोकाकुल घराला धीर देतो; दोषीने त्याच्या आड लपू नये.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. आपल्याकडेही जुन्या गाड्या एका हातातून दुसऱ्या हाती जातात. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसते झाकण बसवून, धोक्याचा दिवा बंद करून किंवा कंपनीचे बोलावणे आल्याचे लपवून गाडी विकणारा त्या राशीच्या मालकाहून वेगळा नाही. दडलेला दोष आढळल्यास सौदा मोडण्याचा अधिकार फिक्हने ग्राहकाला दिला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. पण एअरबॅगचा दोष अनेकदा अपघातातच उघडा पडतो आणि माल परत करायला ग्राहक तेव्हा जिवंत असेलच असे नाही. म्हणून येथे विक्रेत्याचे खरे बोलणे हेच ग्राहकाचे संरक्षण आहे.

तेव्हा गाडी घेताना तिचा चेसिस क्रमांक देऊन कंपनीकडे चौकशी करावी, आणि विकताना विचारण्याची वाट न पाहता दोष सांगावा. त्याने किंमत थोडी उतरेल, बरकत उतरणार नाही. अल्लाह आपल्या व्यवहारांना सचोटी आणि प्रवासांना सुरक्षितता देवो. आमीन.