दुरुस्तीनंतरची यंत्रणा: तीच की दुसरी?

वस्तूचे भाग एकामागून एक बदलत गेले तर ती वस्तू तीच राहते काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी रथ, वस्त्र, दिव्याची ज्योत अशा साध्या पदार्थांच्या आधारे शतकानुशतके लढवला. आयबीएमने १९८८ साली बाजारात आणलेली एएस/४०० ही मध्यम आकाराची संगणकप्रणाली, आणि तिच्या परंपरेतून आलेली, पॉवर सर्व्हरवर चालणारी आजची आयबीएम आय, यांच्या संदर्भात हाच प्रश्न व्यवहारात उतरतो. १९९५ साली या प्रणालीचा प्रोसेसर मुळापासून बदलला, ४८ बिटांची रचना जाऊन ६४ बिटांची आली, पुढे नावेही अनेकदा बदलली. तरी बहुसंख्य प्रोग्रॅम पुन्हा न लिहिता चालत राहिले, कारण ते प्रत्यक्ष यंत्रावर नव्हे, तर यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्या मधल्या एका स्थिर स्तरावर बेतलेले होते. ज्या बँकांत आणि कारखान्यांत ती चालत होती, तेथे तिला तीच यंत्रणा मानले गेले.

मोठे बदल क्वचित होतात. लहान बदल मात्र सतत चालू असतात. कार्यप्रणालीतील दोष दूर करण्यासाठी जे दुरुस्तीसंच येतात, त्यांना या क्षेत्रात पीटीएफ, म्हणजे ‘प्रोग्रॅम टेम्पररी फिक्स’, म्हणतात. अशी दुरुस्ती दोन प्रकारे लागू करता येते. तात्पुरती लागू केल्यास बदललेल्या घटकाची जुनी प्रत जपून ठेवली जाते आणि दुरुस्ती काढून टाकून पूर्वस्थितीला जाता येते. कायमची लागू केल्यास जुनी प्रत नष्ट होते आणि परतीची ती वाट बंद होते. कार्यप्रणालीच्या तळाशी असलेल्या यंत्रालगतच्या संकेतांच्या तर दोन प्रती असतात: ‘ए’ बाजूला केवळ कायम झालेल्या दुरुस्त्या आणि ‘बी’ बाजूला तात्पुरत्यासुद्धा. यंत्रणा सहसा ‘बी’ बाजूने सुरू केली जाते. याचा तात्त्विक अर्थ असा की जुने रूप आणि नवे रूप काही काळ एकाच यंत्रणेत शेजारी नांदतात, आणि ‘कायम’ या अवस्थेचा अर्थ येथे शाश्वत असा नसून अपरिवर्तनीय असा होतो.

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे भागांपासून बनलेले संपूर्ण द्रव्य, भागांहून वेगळे असते. म्हणून वस्त्रातील एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होऊन ‘खंडपट’ हे नवे वस्त्र उत्पन्न होते. हा सिद्धान्त कठोर आहे, पण प्रामाणिक आहे: दुरुस्ती लागू होताच यंत्रणा दुसरी झाली, असेच त्याला म्हणावे लागते. क्षणिकवादी बौद्धांच्या मते मुळात टिकणारे द्रव्यच नसते. असतो तो संतान, म्हणजे एका क्षणातून पुढच्या क्षणाची उत्पत्ती करणारा कारणकार्यांचा प्रवाह. ‘ही तीच’ अशी ओळख पटते, तिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि तिला नैयायिक टिकाऊपणाचा पुरावा मानतात. त्यावर बौद्ध दाखवून देतात की कापून पुन्हा उगवलेल्या केसांनाही माणूस तेच केस म्हणतो.

संगणकाच्या बाबतीत संतानाची कल्पना अधिक जवळची वाटते, परंतु तिच्यावरचा एक जुना आक्षेप येथे फार गंभीरपणे उभा राहतो. तो ‘कृतहानी’ आणि ‘अकृताभ्यागम’ यांचा: कर्ता क्षणोक्षणी नवा असेल, तर ज्याने केले त्याला फळ मिळत नाही आणि ज्याने केले नाही त्याला ते भोगावे लागते. एखाद्या दोषामुळे व्याजाची आकारणी काही काळ चुकत असेल आणि मग दुरुस्ती लागू झाली, तर पुढची आकारणी बरोबर होते, पण आधी खात्यांत लिहिलेल्या चुकीच्या रकमा तशाच राहतात, कारण पीटीएफ प्रोग्रॅम बदलतो, त्याने लिहून ठेवलेली माहिती सहसा बदलत नाही. नवी यंत्रणा जुन्या यंत्रणेचे कर्म वाहते. बौद्धांचे उत्तर असे की संस्कार त्याच प्रवाहात फळाला येतो, आणि हे उत्तर स्वीकारण्याजोगे आहे. मात्र ते स्वीकारले की प्रवाहाच्या आधीच्या टप्प्यांचा हिशेब ठेवणे हे बंधन ठरते, आणि कोणत्या दिवशी कोणती दुरुस्ती लागू झाली याची नोंद ही केवळ प्रशासकीय बाब राहत नाही.

१९९९ पासून या प्रश्नाला दुसरी बाजू जोडली गेली. त्या वर्षीपासून एका यंत्राचे प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क वाटून देऊन त्यावर अनेक ‘लॉजिकल पार्टिशन’ चालवता येऊ लागली. प्रत्येकाची कार्यप्रणाली स्वतंत्र, दुरुस्त्यांची यादी स्वतंत्र आणि पुन्हा सुरू होण्याची वेळही स्वतंत्र. सर्वांच्या खाली असलेल्या फर्मवेअरची दुरुस्ती मात्र सर्वांनाच स्पर्श करते. चाचणीच्या पार्टिशनवर दुरुस्ती निर्विघ्न बसली, तेव्हा मुख्य पार्टिशनवरही बसेल, असे जे अनुमान सर्रास केले जाते, त्यात नैयायिक ज्याला ‘उपाधी’ म्हणतात तो दोष दडलेला असू शकतो. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही; ओल्या इंधनाची अट त्यात न सांगता राहिलेली असते, आणि ही लपलेली अट म्हणजे उपाधी. दोन पार्टिशनांवर एकाच आवृत्तीची कार्यप्रणाली असली तरी एकीवर पूर्वअट म्हणून लागणारी दुसरी दुरुस्ती आधीच असते, दुसरीवर नसते. एकीवर एखादे उत्पादन बसवलेलेच नसते. एकीवर रात्रीच्या कामांचा भार असतो. एकच पीटीएफ क्रमांक एका पार्टिशनच्या यादीत कायम लागू झालेला, दुसरीवर तात्पुरता लागू झालेला आणि तिसरीवर नव्या दुरुस्तीत विलीन झालेला दिसतो. पार्टिशनांच्या या अवस्था समोरासमोर ठेवून तपासल्याखेरीज केलेले अनुमान म्हणजे केवळ आशा.

यंत्र एकच असल्यामुळे पार्टिशनांत समानता आपोआप येत नाही. ती प्रत्येक वेळी घडवावी लागते, आणि ती घडवतानाही जुन्या प्रती एकदम नष्ट करणे अविचाराचे होय. महिनाअखेरचा आणि वर्षअखेरचा हिशेब मुख्य पार्टिशनवर प्रत्यक्ष होऊन जाईपर्यंत तेथील दुरुस्ती तात्पुरतीच राहू द्यावी, चाचणीच्या पार्टिशनवर ती कायम झालेली असली तरीही.