साक्षी आणि पहारेकरी

बीड तालुक्यात मांजरसुंबा–पाटोदा रस्त्यावर लिंबागणेश लागतं. गाव ओळखलं जातं ते भालचंद्र गणपतीमुळे. गणपतीच्या रूपाला हसलेला चंद्र शापाने निस्तेज झाला, त्याने इथे तप करून उःशाप मिळवला आणि गणपतीने त्याला कपाळी धारण केलं, अशी या क्षेत्राची कथा सांगतात. शाप पुरता मात्र गेला नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला ज्याच्या नजरेस चंद्र पडेल त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, ही समजूत आजही पाळली जाते. त्या रात्री नातवंडांना माना खाली घालायला लावून घरात आणणाऱ्या आज्या अजून आहेत.

तो आळ खुद्द श्रीकृष्णाला चुकला नाही. सत्राजिताचा स्यमंतक मणी गळ्यात घालून त्याचा भाऊ प्रसेन शिकारीला गेला आणि परतलाच नाही. कृष्णाने पूर्वी तो मणी राजासाठी मागितला होता, एवढ्यावरून द्वारकेत कुजबुज सुरू झाली. भागवताच्या दहाव्या स्कंधातला कृष्ण यावर रागावत नाही. नगरातल्या लोकांना बरोबर घेऊन माग काढत निघतो. आधी प्रसेनाचं प्रेत सापडतं, मग मेलेला सिंह, मग जांबवंताची गुहा. लोक १२ दिवस बाहेर थांबून हताश होऊन परततात. आत कृष्ण आणि जांबवंताची झुंज २८ दिवस चालते. शेवटी मणी भर सभेत सत्राजिताच्या हाती दिला जातो, घडलेली हकिकत सांगून. कथा ऐकताना एक गोष्ट टोचते: ज्याने काहीच केलं नाही, त्यालाच निर्दोषपण सिद्ध करत रानोमाळ हिंडावं लागलं. तरी न्यायाची काही अंगं इथे शाबूत आहेत. आरोप काय आहे ते आरोपीला ठाऊक आहे, माग उघड्यावर काढला जातो आणि निकाल सभेत लागतो.

घरच्या कॉम्प्युटरवर येणाऱ्या आजच्या आळात यातलं फारसं काही उरलेलं नाही.

रायट गेम्सचा ‘व्हॅलोरंट’ हा नेमबाजीचा गेम २ जून २०२० रोजी खुला झाला. भारतातल्या तरुण पोरांमध्ये तो चांगलाच रुजला. त्याच्यासोबत ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरी येतो. भिंतीआडचा शत्रू दाखवणारी, आपोआप नेम धरणारी चोरटी सॉफ्टवेअर पकडणं हे त्याचं काम. कॉम्प्युटर चालू होतो तेव्हाच तो जागा होतो, मग त्या दिवशी गेम उघडा वा उघडू नका. २०२४ मध्ये तोच पहारा रायटच्याच ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेमलाही लागला. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे: फसवणूक करणारी सॉफ्टवेअर स्वतःच विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरायला लागली, त्यांना वरवर राहून पकडता येईना. प्रामाणिकपणे खेळणाऱ्या मुलाचा खेळ दुसरा कुणी लबाडीने नासवतो, तेव्हा तोही अन्यायच असतो.

पण कर्नल म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. जुन्या वाड्यात आल्यागेल्याची उठबस ओसरीवर व्हायची, घरच्या माणसांचा वावर माजघरात, आणि देवघरात तर घरातलेही सोवळ्याने जायचे. साधे प्रोग्राम कॉम्प्युटरच्या ओसरीवर बसतात. कर्नलमधला ड्रायव्हर देवघरापर्यंत पोचतो आणि तिथून त्याला घरातली कुठलीही फडताळं उघडता येतात. तो ती उघडत नसेलही. आम्ही लागेल तेवढीच माहिती घेतो, असं कंपन्या सांगतात, आणि ते खरंही असू शकतं. पण घरमालकाला ते पडताळून पाहण्याची सोय नाही, आणि खरी अडचण ती आहे.

कंपन्यांच्या शब्दावर ठेवलेला विश्वास फोल ठरल्याचे दाखले आहेत. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीने गाण्यांच्या ५० हून अधिक सीडींमध्ये ‘एक्ससीपी’ नावाचं कॉपीबंदीचं सॉफ्टवेअर घातलं. पैसे मोजून घेतलेली सीडी कॉम्प्युटरवर ऐकायची, तर कंपनीचा प्रोग्राम बसवणं भाग होतं. तो बसला की गुपचूप खोल उतरायचा आणि ज्या फाइलच्या नावाची सुरुवात एका ठरावीक खुणेने होते, ती फाइल मालकाच्या नजरेआड करायचा. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने आपल्याच मशिनवर हे शोधून काढलं आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजी जाहीर केलं. पुढे जे झालं ते फार बोलकं आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये लबाडी करणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तीच खूण लावली आणि त्या गेमच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकली. एका कंपनीच्या कुलपाआड दुसऱ्या कंपनीचा चोर लपला. सॉफ्टवेअर काढण्यासाठी सोनीने जे साधन दिलं, त्यानेही नवं भगदाड पाडलं. टेक्सास राज्याने खटला भरला, सीडी परत मागवाव्या लागल्या.

२०१३ मध्ये ‘ईएसईए’ या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीच्या पहारा सॉफ्टवेअरमधूनच सुमारे १४,००० कॉम्प्युटरवर बिटकॉइन खणण्याचं काम चोरून करवलं गेलं. वीज खेळणाऱ्यांची, यंत्र त्यांचं, कमाई भलत्याची. २०२२ मध्ये ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या गेमचा ड्रायव्हर खंडणीखोरांनी उचलला आणि अँटिव्हायरस बंद पाडायला वापरला. ज्या मशिनवर तो गेम कधी बसवलेलाच नव्हता, तिथेही तो चालला, कारण त्यावर अधिकृत सही होती.

कॉपीबंदीला लपाछपीची गरज असतेच असं नाही, हे महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना जुनं ठाऊक आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरसोबत एक डोंगल यायचं, दुकानात त्याला नुसतं ‘लॉक’ म्हणत. आधी प्रिंटरच्या पोर्टला, नंतर यूएसबीला लावायचं. लग्नपत्रिका जुळवताना लॉक निघालं की काम अडायचं, हरवलं की डोक्याला हात. त्रास होताच. पण ते बोटभर लांब होतं, डोळ्यांना दिसत होतं आणि हाताने उपसून टेबलावर ठेवता येत होतं. ज्यांनी मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर आणायला कष्ट घेतले, त्यांना मोबदला मिळायलाच हवा. फुकटातल्या सॉफ्टवेअरवर धंदा करणं ही चोरीच आहे, ते झाकून ठेवून हा विषय बोलता येणार नाही.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?’ हा प्रश्न मग येतोच. त्याला धार्मिक जोडही मिळते: देव सगळं पाहतोच आहे, मग आणखी कुणी पाहिलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळ खातो; दुसरा खात नाही, फक्त पाहतो. गीता ईश्वराला साक्षी म्हणते, तेही याच अर्थाने. ज्याला पाहण्यातून काही मिळवायचं नाही, त्याच्या पाहण्याची भीती वाटत नाही. कर्नलमध्ये बसलेला पक्षी मात्र पाहतोही आणि खातोही: त्याला धंदा राखायचा आहे, बंदी घालायची आहे. तीच गोष्ट चित्रगुप्ताची. त्याच्या वहीत ज्याचं कर्म, त्याच्याच नावावर असतं आणि ज्याचा निवाडा व्हायचा त्याच्यापुढेच ते वाचलं जातं. गेममधून बाद केलेल्या मुलाला मात्र नेमकं काय सापडलं ते बहुधा सांगितलं जात नाही. कारण सांगितलं तर चोर शहाणे होतील, असं उत्तर असतं. त्या उत्तरात तथ्य आहे. आळ खोटा असेल तर त्या पोराने मणी कुठे शोधायचा, हे मात्र त्यात नाही.

पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय सांगितलं, जैनांच्या पाच व्रतांत अचौर्य आहे, गांधीजींच्या आश्रमव्रतांतही ते आलं. तिन्ही ठिकाणी ते माणसाने आपण होऊन घ्यायचं आहे. चोरी अशक्य करून ठेवली तर माल वाचतो, आणि मालाच्या मालकाला तेवढंच हवं असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र त्याने मुलगा प्रामाणिक होतो, असा दावा कुणी करू नये. चौदा वर्षांच्या पोरावर घरात कुणी विश्वास ठेवला, तो राखण्याची संधी त्याला मिळाली, तरच त्याचं अस्तेय सुरू होतं. हे काम आईवडिलांचं आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. आता गावाकडचं घर पाहा. कॉम्प्युटर एकच. त्यावर वडील पीकविम्याचा अर्ज भरतात, सातबारा काढतात, ताईची शिष्यवृत्तीची कागदपत्रं त्यातच. धाकटा गेम बसवतो आणि इंग्रजीतल्या लांबलचक अटींखाली ‘मान्य’चं बटण दाबून मोकळा होतो. त्या एका बटणाने देवघराची किल्ली जाते ती सगळ्यांच्या वतीने, आणि बाकीच्यांना कुणी विचारलेलंही नसतं.

वाल्व कंपनीचा ‘व्हॅक’ हा पहारा कर्नलमध्ये न शिरता चालतो. तो ढिला पडतो, अशी तक्रारही आहे. याच कंपनीने ऑक्टोबर २०२४ पासून ‘स्टीम’ या आपल्या दुकानात नियम केला, की गेमसोबत कर्नलमधला पहारेकरी येत असेल तर विक्रीच्या पानावर तसं लिहिलंच पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमवर हे लिहिलेलं असावं, आणि मराठीत असावं. पहारेकरी गेम चालू असेपर्यंतच जागा राहावा, काढला की मागे काही उरू नये, आणि बंदी घातली तर माणसाने माणसाला कारण सांगावं, एवढं मागायला हरकत नाही. तोवर पालकांनी बँकेच्या कामाला बसण्याआधी एक करावं: पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हॅनगार्डची लाल खूण दिसते, तिथून तो बंद करता येतो. पुन्हा खेळायचं झालं तर कॉम्प्युटर नव्याने सुरू करावा लागतो, आणि बँकेचं काम उरकेपर्यंत तेवढा खोळंबा मुलाने सोसायला काही हरकत नसावी.