आधी जागा सांग

येरवड्यात गाडीतळाच्या मागच्या एका गल्लीत बापू राहायचा. त्याच्याकडे छोटा हत्ती होता. २००५ साली ही गाडी बाजारात आली आणि तीनचाकी चालवणारे कितीतरी लोक चारचाकीवाले झाले, त्यातलाच बापू. वर्षभर बेकरीचा माल. पहाटे पाव, खारी, टोस्ट घेऊन निघायचं. मालाला पावसाचा थेंब लागून चालत नाही, म्हणून त्याने हौद्यावर पत्र्याचं बंद हूड बसवून घेतलं होतं. लोखंडी अँगलची चौकट, वर पत्रा, मागे दोन दारं. "मजबूत कर," एवढंच बापू म्हणाला होता. फॅब्रिकेशनवाल्याने ते मनावर घेतलं आणि हूड अडीचशे किलोंच्या आसपास गेलं. पाऊण टन माल वाहणारी गाडी, त्यातला तिसरा हिस्सा नुसतं हूडच खायचं.

गणपती जवळ आले की बेकरीचं काम भावावर सोपवून बापू पेणच्या भाड्यांना लागायचा. चार पैसे त्याच दिवसांत सुटतात. पण मंडळांच्या उंच मूर्ती हुडाखाली मावत नाहीत. तेव्हा हूड उतरवायचं आणि अनंत चतुर्दशी झाली की परत चढवायचं.

उतरवण्याची रीत ठरलेली होती. मंडळाची आठ-दहा पोरं गोळा करायची, वडापाव सांगायचे, बोल्ट काढायचे आणि हैय्या! हूड पोरांच्या खांद्यांवर आलं, माना वाकड्या झाल्या, की मग त्यातलं एखादं पोरगं ओरडायचं, "बापू, ठेवायचं कुठं?"

बापू तेव्हा चारी दिशांना बघायला लागायचा.

हात जिथे सुटतील तिथे हूड टेकायचं. बहुतेक वेळा गल्लीतल्या मावशींच्या खिडकीसमोर. मग महिनाभर मावशी भरदिवसा दिवा लावून भाकरी थापायच्या. हुडावर टाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगटात पाणी साचायचं, डास व्हायचे, त्यावरून भांडण व्हायचं. ओल्या मातीवर टेकून तळाची पट्टी गंजत गेली, बोल्टांची भोकं ढिली झाली. गेल्या वर्षी तर त्या पोरांतल्या छोट्याचं बोट हुडाखाली चेंगरलं, नख गेलं. बापूला वाईट वाटलं, त्याने दवाखान्याचे पैसेही भरले. पण धडा काय घेतला, तर पुढच्या वेळी दोन पोरं जास्त बोलवायची.

समोरच्या ओट्यावर तात्या बसलेले असायचे. येरवडा कारागृहाच्या सुतारकामाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हातात कधी रंधा न धरलेल्या कैद्यांकडून त्यांनी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या होत्या. आता हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, पाण्याची बादलीही उचलायची नाही. अशा माणसाला हूड उतरवायला कोण बोलावणार? आणि तात्याही आपण होऊन बोलत नसत. न विचारता सांगितलेलं कोणी ऐकत नाही हे खरंच. पण थोडा ताठाही असावा, असं मला वाटतं. जाणत्या माणसांना तो असतो, आणि त्याची किंमत छोट्यासारख्यांचं बोट मोजतं.

या वर्षी पोरं ढोलाच्या सरावाला गेलेली. रात्री दहाशिवाय कोणी परतणार नाही आणि पहाटे चारला पेणचं पहिलं भाडं. बापू तात्यांकडे आला.

"तात्या, कारखान्यातल्या ओळखीचे चार-पाच दणकट गडी मिळतील का?"

"ठेवणार कुठे?"

"आधी उतरवू तर द्या!"

"मग नाही मिळणार. आधी जागा सांग."

बापूला राग आला होता, पण वेळ अडचणीची होती. दोघं गल्लीभर फिरले. मावशींच्या घरामागे पडीक मोकळी जागा होती, जमीन कडक, पाणी न साचणारी. मावशी आधी नाहीच म्हणाल्या. खिडकी मोकळी राहणार हे कळल्यावर म्हणाल्या, "मग तिथं काय हत्ती बांधा."

तात्यांनी टेपने बोळ मोजला. गाडी दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून जात होती. त्यांनी बापूला गाडी मागे घेत थेट त्या मोकळ्या जागेत लावायला सांगितली, हूड वर तसंच ठेवून. मग माळ्यावरून चार लाकडी घोड्या काढायला लावल्या. बिजागऱ्यांवर मिटणाऱ्या, उघडल्या की तिरप्या पट्टीने घट्ट बसणाऱ्या.

"या कधी केल्या?"

"छोट्याचं बोट चेंगरलं, त्याच हिवाळ्यात."

"मग सांगितलं का नाही?"

"तू माणसं मागत होतास." मग जरा वेळाने, बिजागरी चाचपत, "सांगायला हवं होतं."

घोड्या मिटतात याचं बापूला नवल वाटलं. तात्या म्हणाले, "अरे, घोड्या ठेवायलाही जागा लागतेच की! गांधींनी आमच्याच तुरुंगात पेटीत मिटणारा चरखा घडवला, येरवडा चरखा म्हणतात त्याला. काम झालं की मिटून बाजूला."

बोल्ट सुटले. हुडाच्या कडेखालून, हौद्याच्या वर दोन लाकडी वासे आडवे सरकवले, एक पुढे, एक मागे, दोन्हीकडे हातभर बाहेर. बाहेरच्या प्रत्येक टोकाशी एक घोडी, घोडीखाली जाड फळी, शेजारी ठोकळ्यांची चळत, आणि एकच जॅक पाळीपाळीने प्रत्येक चळतीवर. एका कोपऱ्याला थोडं उचलायचं, वासा आणि घोडीच्या मध्ये पट्टी सरकवायची, मग पुढचा कोपरा. पट्टीसुद्धा काठीने ढकलायची, हाताने नाही, याबाबत तात्या फार कडक.

चारही कोपऱ्यांना दोन फेऱ्या झाल्या. वासे आणि हौद्याच्या मध्ये फट काही दिसेना.

"उचलतंय कुठं?" बापू घामाघूम.

"उचलतंय. गाडीपण उचलतेय."

बापूने वाकून बघितलं. मागचे पाटे, जे वर्षभर दबून सपाट झालेले, ते पुन्हा कमान धरत चालले होते. ओझं कमी होईल तशी गाडी त्याच्या मागोमाग वर येत होती. तात्यांनी शेजारच्या बांधकामावरून वाळूची पोती मागून आणवली आणि हुडाच्या मागच्या दारातून ती हौद्यात रचायला लावली. गाडी बसली. फट चार बोटं झाली.

"घे पुढे. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा. हूड विसर, फक्त समोर बघ."

बापूने गाडी हळूच पुढे काढली. हूड घोड्यांवर जागच्या जागी राहिलं. कोणी उचललं नव्हतं, कोणाच्या खांद्यावर आलं नव्हतं. एक माणूस, एक जॅक आणि ज्याला बादली उचलायची बंदी असा एक म्हातारा. बापू उतरून मागे आला आणि हुडाला हात लावून हलवून बघू लागला. हलेना. मावशींनी तोवर हुडाखाली सरपण आणून टाकलंसुद्धा.

दहाच्या सुमाराला पोरं आली. काम झालेलं बघून वडापाव बुडाले म्हणून खट्टू होऊन पांगली. छोट्या मात्र थांबला. मोबाइलच्या उजेडात वासे, घोड्या, पट्ट्या बघत राहिला.

"तात्या, चढवताना उलटं करायचं?"

"तू सांग."

छोट्या विचारात पडला. "गाडी रिकामी उंच असणार. तशीच मागे घेतली तर हौदा वाशाला धडकेल. म्हणजे पोती आधी भरायची."

"किती?"

"आज होती तेवढीच. मोजून ठेवतो." तो हौद्यात चढून पोती मोजायला लागला.

खालून बापूने विचारलं, "चतुर्दशीनंतर किती पोरांना सांगू?"

"मी येतो," छोट्या म्हणाला. "वडापाव तीनच आण."