नाव कधी बदलायचं?

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, विकिपीडियावर हौसेनं लिहिणारी. कर्जतच्या स्टँडवर नगरच्या गाडीला वेळ होता.

सर : अहिल्याबाईंच्या चौंडीला ३१ मे २०२३ रोजी अहमदनगरचं अहिल्यानगर करण्याची घोषणा झाली. तुमच्या ज्ञानकोशात नाव त्याच रात्री बदलायला हवं होतं की नाही?

ती : घोषणेवर कसं बदलणार? मंत्रिमंडळाचा निर्णय मार्च २०२४ चा, अधिसूचना ऑक्टोबरातली. तोवर मथळा जुना ठेवायचा, घोषणेची नोंद आत करायची.

सर : चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात. तिथला माणूस म्हणेल, जुनं नाव धरून बसलेली ही मंडळी अहमदनगर वसवणाऱ्या निजामशहाची.

ती : घाई केली, तर दुसरा म्हणेल सरकारची. म्हणून राजपत्र धरायचं.

सर : म्हणजे सरकारच धरलंत की!



ती : तेवढं धरावं लागतं. पण नाव बदललं हे सांगणं वेगळं, बरं केलं म्हणणं वेगळं.

सर : मग १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद ठेवलात, ते काय होतं?

ती : राजकारणच होतं. पायरसी रोखायला अमेरिकेत जी विधेयकं आली होती, त्यांनी असले प्रकल्प चालवणंच मुश्कील झालं असतं.

सर : डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा का नाही ठेवलंत बंद? आपल्याकडे त्याहून जिव्हाळ्याचं काय असतं?

ती : आमच्या चाळीत कांदा होता, सर. राग मलाही आला. पण लेखात तारीख जाईल, सरकारनं दिलेलं कारण जाईल, शेतकऱ्यांचा विरोध जाईल. माझा राग नाही जाणार. त्याच पानावर माझ्याआधी कुणी लिहिलं, उद्या कोण लिहील, मला ठाऊक नाही. त्यांच्या वतीनं मी कशी रागावू? मोर्चाला जाईन ती माझ्या नावानं.

सर : आणि २०१२ ला कोण कुणाच्या वतीनं रागावलं?

ती : अठराशेवर संपादक चर्चेत होते.

सर : वाचणारे कोट्यवधी. त्या दिवशी निबंध लिहायला बसलेल्या पोराला कुणी विचारलं?

ती : नाही विचारलं. तरी मी बंदच्याच बाजूनं मत दिलं असतं. पानच उरलं नसतं तर त्याला दाखवलं काय असतं?

सर : प्रत्येक संपवाला हेच म्हणतो.

ती : म्हणू दे. आपल्याच मुळावर घाव येतोय का, एवढं पाहायचं. कांदाबंदीत तो येत नव्हता.

सर : आणि हे पाहणार कोण?

ती : आम्हीच.

सर : तिथंच तर घोळ आहे, बाई.