शोकाचा तपशील

जुन्या छायाचित्रांच्या अभ्यासावाचून छायाचित्रकाराची दृष्टी पक्व होत नाही, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु ज्या चित्रात कोणाचा तरी सर्वस्वनाश नोंदला गेला आहे, त्या चित्रापुढे बसून प्रकाश कोणत्या बाजूने आला आणि चौकटीचा तोल कसा साधला, याची चर्चा करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न धर्माधर्माच्या कोटीतला आहे, आणि तो टाळून या कलेचे शिक्षण पुरे होते असे मला वाटत नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाला एक भारदस्त उत्तर देऊन ठेवले आहे. भरताने करुण रसाचा स्थायी भाव शोक सांगितला. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने तिला पूर्णत्व दिले. रंगभूमीवरील शोक ना माझा, ना परक्याचा, ना अमुक एका देशकालातला. व्यक्तीचे बंधन गळून पडते म्हणूनच त्याचा आस्वाद शक्य होतो, आणि त्या आस्वादाला दोष लागत नाही. नाट्यापुरते हे मला सर्वस्वी पटते. पण सीतेचा विलाप करणारी नटी पडदा पडल्यावर आपल्या घरी जाते. छायाचित्रातील स्त्रीचे घरच पडलेले असते. कॅमेऱ्याने टिपलेला शोक देश, काल आणि व्यक्ती यांना जन्मतःच बांधलेला असतो. ते बंधन तोडले की हाती केवळ रेषा आणि छाया उरतात.

धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे याचा प्रत्यय मला आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, पहाटे चारच्या सुमारास जो भूकंप झाला, त्यात या मुलखातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि सास्तूरही त्यांत होते. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणारा तेथील एक तरुण त्या वेळच्या एका चित्राची प्रत घेऊन बसला होता: दगडामातीचा प्रचंड ढीग आणि त्यातून वर आलेले लाकडी खांब. आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्या उभ्या रेषा किती ठसठशीत दिसतात, हे तो मला मनापासून समजावून सांगत होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने चित्र हाती घेतले आणि म्हणाला, "लेकरा, खांब उभं हाईत, ह्ये खरं. पर भिताडं बग की कुठं गेली. मानसं भिताडाच्या कडंनंच निजलेली व्हती."

मग त्याने सगळी हकिकत सांगितली. हातभराहून रुंद भिंत, आतून एक थर आणि बाहेरून एक थर, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. दोन्ही थरांना आरपार सांधणारा लांब दगड मात्र क्वचितच. वर माळवद, आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा चढविलेली माती. धरणी हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले. हे ऐकल्यावर तरुणाने तेच चित्र पुन्हा पाहिले, आणि या वेळी त्याला जे दिसले ते पहिल्या खेपेहून कितीतरी सूक्ष्म होते. कॅमेरा खाली धरल्यामुळे खांब उंच झाले होते खरे, परंतु त्याच कोनामुळे फुटलेल्या भिंतीचे पोट झाकले गेले होते. चार पावले बाजूला सरून, थोडे उंचावरून पाहिले असते तर ज्या कारणाने माणसे मेली ते कारणच चौकटीत आले असते. पंचनाम्यात जसा तपशील, तसा येथे तपशील हीच करुणा होती, आणि तीच कलेची सुधारणाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण जुने आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यातील उपासमारीची जी चित्रे विलोबी वॉलेस हूपरने काढली, त्यांत अस्थिपंजर झालेली माणसे कॅमेऱ्यासमोर ओळीने बसविलेली आहेत. रचना नीटनेटकी आहे, आणि त्या नीटनेटकेपणाचेच मला भय वाटते. दुष्काळ दख्खनच्या पठारावरही होता. ती माणसे आपल्याच पूर्वजांची शेजारी होती. त्या चित्रांवरून प्रकाशयोजना शिकावी, मना नाही. पण त्या ओळीत बसण्याचा हुकूम कोणी दिला, हे विचारल्याखेरीज शिकू नये.

कोणी म्हणेल, जेथे नावगावच लाभत नाही तेथे काय करावे? भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, डिसेंबर १९८४ मध्ये, एका अनामिक बालकाच्या दफनाचे चित्र रघू राय यांनी कृष्णधवल टिपले आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. मातीतून वर आलेला तो चेहरा आणि उघडे डोळे पाहून साधारणीकरणाचा मोह पडतो. ते बालक 'सर्व मानवतेचे' आहे असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. मला ते मान्य नाही. नाव नसले तरी त्या बालकाला रात्र होती, वस्ती होती, आणि युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू होता. ही दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवून रंगाने काय मिळविले आणि रंगाच्या अभावाने काय, ही चर्चा अवश्य व्हावी. सास्तूरच्या त्या तरुणाबरोबर पुढच्या खेपेस मी ती करणार आहे. तिचा आरंभ मात्र त्या रात्री वायू कोणत्या वस्तीकडे पसरला, येथून होईल.