‘नको’ म्हणायची सोय

‘त्याला सगळं कळतं हो, फक्त सांगता येत नाही.’ सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची आई हे वाक्य डॉक्टरांना, शाळेला, सासरच्या माणसांना वर्षानुवर्षं ऐकवत असते. समोरचा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, आईचं काळीज, तिला असं वाटणारच. मुलाचे हात वळत नाहीत, मान ठरत नाही, शब्द फुटत नाही. मग कळतं हे त्यानं दाखवायचं तरी कशानं?

कॅनडातल्या कॅल्गरी इथं अल्बर्टा चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये बालमेंदूतज्ज्ञ डॉ. अ‍ॅडम कर्टन आणि त्यांचे सहकारी अशा मुलांच्या हाती मेंदूच्या लहरींवर चालणारी साधनं देतात. त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले छोटे बोळे बसवलेलं एक शिरस्त्राण डोक्यावर चढवायचं. मग काही सेकंद मुलानं स्वस्थ बसायचं, काही सेकंद एकच गोष्ट मनात धरायची: पडद्यावरचा ठोकळा ढकलायचाय. पुन्हा स्वस्थ, पुन्हा ठोकळा. या दोन अवस्थांमधला फरक संगणकाला ओळखू आला, की त्याच फरकावर खेळण्यातली गाडी धावते, कागदावर रंग उमटतो, व्हीलचेअर पुढे सरकते. ‘विचार वाचणारं यंत्र’ ही बातमीदारांची हौस. यंत्राला फार तर ‘आता काहीतरी करतोय’ आणि ‘आता काही करत नाही’ एवढं समजतं, तेही चुकतमाकत. दात आवळले किंवा मान हिसकली, की स्नायूंची वीज मेंदूच्या क्षीण लहरीला गिळून टाकते. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांचे स्नायूच तर स्वस्थ बसत नाहीत.

माणसाच्या मेंदूची लहर पहिल्यांदा टिपली ती जर्मनीत, हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. तिच्यावर संगणक चालवावा ही कल्पना जाक व्हिदाल यांनी १९७३ मध्ये मांडली. १९८८ साली फारवेल आणि डॉन्चिन यांनी लुकलुकणाऱ्या अक्षरांचा तक्ता तयार केला. हवं ते अक्षर उजळलं की मेंदूत एक उसळी येते, ती पकडायची. पुढची बरीचशी मेहनत मोठ्या माणसांसाठी झाली. अपघातानं किंवा आजारानं हातपाय आणि वाचा गेलेल्यांना, गेलेलं परत मिळवून द्यायचं, असा तो हिशेब.

मुलांच्या बाबतीत हा हिशेबच लागू होत नाही. त्यांचं काही गेलेलं नाही, मुळात ते मिळालेलंच नाही. ज्याची मूठ त्याच्या मर्जीनं कधी उघडली नाही, त्याला ‘मूठ उघडतोयस अशी कल्पना कर’ असं सांगून काय हाती लागणार? कॅल्गरीच्याच गटानं धडधाकट शाळकरी मुलांवर दोन्ही पद्धती करून पाहिल्या: हाताच्या हालचालीची कल्पना करायची, किंवा सरळ ती वस्तू हलते आहे असं मनात धरायचं. मुलं झटपट शिकली, पण मनात काय धरायला सांगितलं यानं फरक पडला. अक्षरांचा तक्ताही इथे लंगडा ठरतो. या मुलाला सांगता येत नाही म्हणून शाळेनं घेतलं नाही, आणि शाळेनं घेतलं नाही म्हणून अक्षर येत नाही.

म्हणून कॅल्गरीत भर खेळावर आहे, आणि मला ते सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. एवढं महागडं तंत्र आणि करायचं काय, तर गाडी पळवायची, असं कुणी म्हणेल. पण रांगतं मूल वाटी खाली टाकतं, आई उचलून देते, ते पुन्हा टाकतं. आपल्यामुळे जगात काहीतरी घडतं, हे माणूस असंच शिकतो. दहा वर्षांच्या ज्या मुलाला एकदाही वाटी फेकता आली नाही, त्याला आधी तेवढी खोडी करू दे.

एक मात्र बजावून सांगायला हवं: या यंत्राची वाट बघत कुणी बसू नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी छिब करंगळीनं टंकलेखन करून शिकल्या, त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये तिथंच स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली होती. आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ हे चित्रांतून बोलायला मदत करणारं अ‍ॅप आहे. एक बोट, एक नजर, चित्रांचा एक पुठ्ठा असं काहीही चालत असेल, तर ते आधी.

भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. अमेरिकेत १९९०च्या सुमारास, न बोलणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टंकलेखन करवण्याची लाट आली. तपासणीत दिसलं की अक्षरं निवडत होता तो हात धरणारा. २०१७ साली नील्स बिरबाउमर यांच्या गटानं पूर्ण निश्चल झालेल्या रुग्णांची ‘हो’ आणि ‘नाही’ अशी उत्तरं मेंदूतून मिळवल्याचा दावा केला. २०१९ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. आतुर माणसाला उत्तर ऐकू येतंच.

यंत्र चुकतं हे सर्वांना ठाऊक असल्यानं इथे आणखी एक पळवाट तयार होते. मुलानं फिजिओथेरपीला ‘हो’ म्हटलं, की ते मुलाचं मत. ‘नको’ म्हटलं, की सिग्नल बिघडला असेल, पुन्हा विचारा. तिसऱ्यांदा ‘हो’ आलं, की सगळे खूश. बोलता येणाऱ्या मुलांचं ‘नको’ तरी आपल्या घरांत कितीसं चालतं म्हणा. पण ती पाय आपटतात, दार लावून घेतात. या मुलाकडे तेवढा एकच सिग्नल आहे. या प्रयोगांच्या अहवालांत अचूकतेचे टक्के असतात. शेजारी आणखी एक रकाना असावा, मुलानं किती वेळा ‘नको’ म्हटलं आणि त्यातलं किती वेळा पाळलं गेलं.