उत्तर ऐकल्यानंतर

पुढचा संवाद रचलेला आहे. त्यातला पेच मात्र ऊसतोड मजुरांच्या फडावर जाणाऱ्या कुणाही अभ्यासकापुढे उभा राहू शकतो. मीरा समाजशास्त्रात पीएचडी करते. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य हा तिचा विषय. आत्याची सारी नोकरी उपकेंद्रांवर नर्स म्हणून गेली.

मीरा : फॉर्मवर मीच लिहिलं होतं, ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही.’ कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बसून त्या पोरीला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ती बोलली. सतरावं लागलंय, लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं, आणि तिला दिवस गेलेत. आता गाइड म्हणतात, पोलिसांना कळवणं भाग आहे.

आत्या : भागच आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा, कलम 19. ज्याला कळलं त्याने कळवायचं. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, कुणीही. संशोधकाला त्यातून वगळलेलं नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मीरा : पण तिचं लग्न झालंय, आत्या.

आत्या : तो आडोसा 2017 साली सुप्रीम कोर्टाने काढून टाकला. बायको अठराच्या आतली असेल तर तोही बलात्कारच.

मीरा : कैदेची भीती मला नाही गं. कळवल्यावर तिचं काय होईल, ते सांग. नवरा विशीतला पोरगा, तो आत जाईल. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर घेतलेली. कोयता मोडला की मुकादम पैशासाठी सासऱ्याच्या दारात. आणि टोळीतल्या बाकीच्या बायका काय शिकतील? ताईंशी बोललं की पोलीस येतात. मग त्या आशाताईलाही काही सांगायच्या नाहीत.

आत्या : ते मी पाहिलंय. वय विचारलं की सासूच उत्तर देते, एकोणीस. आधार कार्ड नेमकं गावी राहिलेलं असतं. काही पोरी तपासणीला येतच नाहीत, आणि अडलेली बाई रात्री ट्रॅक्टरमधून येते.

मीरा : म्हणजे मुलीला वाचवणारा कायदाच तिला दवाखान्यापासून लांब ठेवतो.

आत्या : कधीकधी ठेवतो. 2022 साली सुप्रीम कोर्टालाही ते दिसलं. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करू नये, असं कोर्टाने सांगितलं. पण ती सवलत डॉक्टरला, आणि तेवढ्यापुरती. तुला नाही. बरं, मला हे सांग, फॉर्मवर अंगठा कुणाचा?

मीरा : तिचाच. अठरा पूर्ण झालेल्यांशीच बोलायचं असं ठरलं होतं. सासूने वीस सांगितलं. खरं वय मधेच निघालं.

आत्या : मग तिथेच थांबायला हवं होतं. मूल असेल तर पालकांची परवानगी, आणि मुलाला विचारायचं ते वेगळं, असंच आहे ना तुमच्यात?

मीरा : आहे. पण हिचा पालक कोण? जिने वय चोरलं ती सासू? की ज्यांनी लग्न लावून दिलं ते आईबाप?

आत्या : आणि त्या कोपीपर्यंत तुला नेलं कुणी?

मीरा : मुकादमाने.

आत्या : ज्याची उचल डोक्यावर आहे त्याने आणलेल्या पाहुणीला ती नाही म्हणू शकली असती?

या प्रश्नापाशी मला मध्ये बोलायचं आहे. अशा मुलींशी कुणी बोलूच नये, असा अर्थ यातून काढायला नको. 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,000 हून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,000 हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या बोलल्या नसत्या तर हे दुखणं कोपीबाहेर आलं नसतं. बालविवाहाचंही तसंच. पोरीला गावी एकटी ठेवायची भीती, फडावर नेली तर तिथे भीती, आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार. ही साखळी घराघरांत विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायला तर हवंच. पण उत्तराची किंमत उत्तर देणारीनेच मोजायची, ही रीत मला मान्य नाही.

मीरा : अमेरिकेतल्या 1979 च्या बेलमाँट अहवालात तीन तत्त्वं आहेत. व्यक्तीचा आदर, तिचं हित, आणि न्याय. तिथल्याच टस्कीगीत सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना 1932 ते 1972 उपचारांवाचून नुसतं निरखत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही. ते उघड झालं तेव्हा हे सगळं लिहिलं गेलं. मी ते तोंडपाठ केलंय. पण आदर म्हणतो शब्द पाळ आणि हित म्हणतं कळव, तेव्हा कुणाचं ऐकायचं?

आत्या : शब्द तू आधीच मोडलास. गाइडना सांगितलंस, आता मला सांगतेयस.

मीरा : नाव नाही सांगितलं.

आत्या : सांगूही नकोस. नाव-गाव कळलं तर ते कलम मलाही लागू होईल, आणि मी कळवीन. पण ‘कुणालाही कळणार नाही’ हे तुझ्या हातात कधीच नव्हतं. मग लिहिलंस कशाला?

मीरा : विद्यापीठाच्या नैतिकता समितीला तेच वाक्य हवं असतं. आणि त्याशिवाय कोण बोलणार?

हे उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यातच सगळा घोळ आहे. हातात नसलेला शब्द दिला की काय होतं, त्याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने 2001 ते 2006 या काळात उत्तर आयर्लंडच्या जुन्या सशस्त्र लढवय्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या; ते जिवंत असेपर्यंत काही बाहेर जाणार नाही, असं त्यांना कबूल केलं होतं. संशोधकाशी केलेल्या करारात ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तिथपर्यंत’ अशी अट होती. बोलणाऱ्यांच्या हाती दिलेल्या कागदावर ती नव्हती. 2011 साली ब्रिटिश पोलिसांसाठी समन्स आलं आणि पुढे काही मुलाखती द्याव्या लागल्या.

मीरा : मग पुढच्या फॉर्मवर मर्यादा लिहीन. ‘अठराच्या आतलं काही सांगितलंत तर मला कळवावं लागेल.’ शिवाय नाव घेणार नाही, वय विचारणार नाही. ‘तुमच्याकडे पोरींची लग्नं साधारण कधी होतात?’ एवढंच विचारीन.

आत्या : पहिलं कर. दुसऱ्याचा थोडा विचार कर. गावाची रीत समजून घ्यायला तो प्रश्न चांगला आहे. पण समोर पंधराची पोर बसलीय हे दिसत असताना कागदावर येऊ द्यायचं नाही म्हणून विचारायचं नाही, तर त्यात तिचं रक्षण कुठे आहे? तुझंच आहे.

मीरा : (थोडं थांबून) हो. तसंच आहे.

आत्या : आणि हे सगळं पुढच्या बायकांसाठी झालं. या पोरीचं काय?

मीरा : आधी तिच्याकडे जाते. पोलिसांच्या आधी. काय कळवावं लागेल, कुणाला, पुढे काय होईल, सगळं सांगते. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. त्या समितीपुढे मी तिच्यासोबत उभी राहीन. पण ती ‘नको’ म्हणाली तर मी कळवणार नाही, आत्या.

आत्या : मला ते पटत नाही. सतराव्या वर्षी, उचलीखाली दबलेल्या घरात, तिच्या ‘नको’मध्ये तिचं किती आणि सासरचं किती?

मीरा : मग तिच्या अंगठ्यातही तिचं किती होतं? तो मी चालवून घेतला. आता ‘नको’ तेवढं खोटं कसं ठरवू?

आत्या : नको ठरवूस. पण गप्प राहिलीस तर लपून नको. विद्यापीठाच्या समितीला लेखी दे की कळलं होतं आणि कळवलं नाही, जे होईल ते सोस. आणि बाळंतपण होईस्तोवर तिच्या तपासण्यांना हजर राहा. तिची मुलाखत वगळायची, हेही एकटीने ठरवू नकोस.

मीरा : ती वगळायचीच असं धरून चालले होते.

आत्या : सासूने वीस सांगितल्यावरही पोरीने स्वतःहून सतरा सांगितलं. का सांगितलं, ते विचारलंस तिला?

मीरा : नाही.

आत्या : मग मुकादमाला न सांगता जा, आणि आधी ते विचार.